सुई कुठे टाकायची?

इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण ओला कचरा वेगळा का, हे मला धड सांगता येत नव्हतं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मावशीला विचारलं.

"अरे, देवगुराडियाला हवाबंद टाक्यांत जिवाणू तो कुजवतात. त्यातून मिथेन निघतो. तो शुद्ध केला की बायो-सीएनजी. प्लास्टिक मात्र जिवाणूंना पचत नाही."

2022 मध्ये हा प्लांट सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज 550 टन होती. आपल्या काही सिटी बसही याच गॅसवर धावतात.

मग ओळखीच्या डॉक्टरकाकांशी बोललो. आजीच्या इन्सुलिनच्या सुया आम्ही कचऱ्यात तशाच टाकायचो, हे ऐकून ते गप्पच झाले.

"बाळा, यंत्राच्या आधी तिथे माणसाचे हात असतात. वापरलेली सुई टोचली तर हेपॅटायटिस बी, सी होऊ शकतो."

2016 च्या घनकचरा नियमांनुसार अशा सुया घरगुती घातक कचऱ्यात मोडत असत. आता आम्ही त्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, वेगळ्या देतो. परवा गाडीवरच्या दीदींना बाटली दिली, तर आधी त्यांनी हातमोजा नीट केला. इतकी वर्षं माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

तुमच्या घरच्या सुया कुठे जातात?