सांडपाणी : जनपदोध्वंसाचा उपेक्षित हेतू

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात वाचलेला आहे. ग्रीष्माच्या अखेरीस गंगाकाठी फिरत असताना भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, भिन्न प्रकृतीचे, भिन्न आहाराचे लोक एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, त्याचे कारण वायू, उदक, देश आणि काल या सामाईक भावांच्या विकृतीत आहे. यांपैकी वायूपेक्षा उदक टाळणे अधिक कठीण आणि उदकापेक्षा देश टाळणे कठीण, असा क्रमही तेथे दिलेला आहे. विकृत देशाच्या लक्षणांत डास आणि माश्यांची गणना केलेली आहे, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. गावाच्या गटारीपाशी उदकदुष्टी आणि देशदुष्टी एकत्र येतात, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

यवतमाळ जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास आषाढ-श्रावणातील अतिसार, प्रवाहिका आणि त्यामागोमाग येणारी कामला यांची ओळख करून द्यावयास नको. कुटजघनवटी देऊन आपण रुग्ण बरा करतो, परंतु पंधरा दिवसांनी त्याच घरातील दुसरा रुग्ण येतो. आपल्या जिल्ह्याची एक वेगळीच कोंडी आहे. पांढरकवडा, झरी-जामणी भागांतील खोल कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड आढळते, त्यामुळे दात आणि अस्थी बिघडतात. उथळ विहिरीत फ्लोराइड सहसा कमी असते, परंतु गटारीचे पाणी प्रथम पोहोचते तेही त्याच विहिरीत. म्हणजे खोल पाण्यापासून दूर जाऊ पाहणाऱ्या गावाला उथळ पाणी राखावेच लागते.

येथे थोडा हिशेब मांडतो. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी दररोज 55 लिटर आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर पाणी मिळाले, तर अभियांत्रिकीच्या सर्वमान्य ठोकताळ्यानुसार त्यातील सुमारे 80 टक्के, म्हणजे 220 लिटर, सांडपाणी म्हणून बाहेर पडते. तीनशे घरांच्या गावात ते दररोज 66,000 लिटर होते. नळ येताना समारंभ होतो. हे 66,000 लिटर कोठे जाणार, याची चर्चा ग्रामसभेत क्वचितच होते.

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर आपल्या सीमेवरच आहे. उमरखेड तालुक्यातून पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्याचा हिमायतनगर तालुका लागतो. तेथील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या गटारी बंद केल्या आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळविले. पुढे हीच पद्धत नांदेड जिल्ह्यात इतरत्र राबविली गेली. रचना अगदी साधी आहे. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावयाचा, मध्ये सिमेंटची टाकी बसवून तिच्या वरच्या भागास छिद्रे ठेवावयाची आणि सभोवती दगड भरावयाचे. गाळ टाकीत बसतो, वरचे पाणी छिद्रांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत मुरते. साचलेले पाणीच नसल्याने डासाला अंडी घालण्यास जागा राहात नाही.

मात्र आपल्याकडे काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते आणि पाणी पुढे जाऊ देत नाही. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत नेला पाहिजे. एवढे न केल्याने फसलेले शोषखड्डे दाखवून "हे येथे चालत नाही" असे सांगणारे अनेक भेटतात! शोषखड्डा मोरीच्या पाण्यासाठी आहे. शौचालयाचे पाणी त्यात कदापि सोडू नये.

शौचालयाविषयीही एक गैरसमज आहे. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी शुद्ध असते असे समजून ते सर्रास नालीत सोडले जाते. वस्तुतः त्या टाकीत घन भाग खाली बसून अंशतः कुजतो. जंतू आणि कृमींची अंडी पाण्याबरोबर बाहेर पडतातच. ग्रामीण घरास दोन खड्ड्यांचे शौचालय अधिक श्रेयस्कर आहे. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा वापरावा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातील मलाचे निर्गंध खत होते. देहू येथील वैद्यकीय अधिकारी डॉ. मापुसकर यांचे आरंभीचे शौचखड्डे पावसाळ्यात निकामी झाले, तेव्हा त्यांनी अप्पासाहेब पटवर्धनांच्या कोकणातील प्रयोगांचा आधार घेतला आणि पुढे शौचालयास जोडलेला बायोगॅस संच सिद्ध केला. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका चिकित्सकाने आयुष्य मलव्यवस्थेस वाहिले, हे आपल्या व्यवसायबंधूंनी अवश्य जाणून घ्यावे.

आता आपल्या दारातील गोष्ट. पंचकर्म केंद्रातील वमन, विरेचन आणि बस्तीचे द्रव्य शेवटी कोठे जाते? ते शौचालयाच्या व्यवस्थेतच गेले पाहिजे. अभ्यंगाचे तेल मोरीतून शोषखड्ड्यात गेल्यास मातीची छिद्रे बुजतात आणि खड्डा वर्षभरात तुंबतो. मोरी आणि खड्डा यांच्यामध्ये तेल वर तरंगून अडेल अशी लहान टाकी बांधावी. भांडी धुण्यापूर्वी ती कापडाने पुसून घ्यावीत.

औषधनिर्मात्यांचे काम याहून अवघड आहे. काढ्याचा चोथा खतखड्ड्यात जाऊ शकतो. आसवारिष्टांच्या पात्रांचे धुवण आंबट व सेंद्रिय भाराने युक्त असते. नाल्यात सोडल्यास ते पाण्यातील प्राणवायू संपविते. रसशाळेतील धुवणाची तर गोष्टच निराळी. पारद, नाग, हरताल, मनःशिला यांचा अंश जंतूंच्या क्रियेने नष्ट होत नाही. तो शोषखड्ड्यातून थेट विहिरीत उतरतो. हे पाणी वेगळ्या पक्क्या टाकीत साठवून आटवावे आणि उरलेला गाळ प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या घातक कचरा केंद्राकडे द्यावा. औषधनिर्मितीच्या उत्तम पद्धतींविषयीच्या शेड्यूल टी मध्ये सांडपाणी व अवशेषांच्या विल्हेवाटीची अट आहेच. कागदोपत्रीच तिची आठवण ठेवणारे काही जण आपल्यातच आहेत.

गढूळ पाण्यासाठी सुश्रुताने निर्मळीच्या बियांसह सात प्रसादन द्रव्ये सांगितली आहेत. ती पाणी निवळतात. दूषित पाण्यासाठी मात्र त्याच अध्यायात अग्नीवर कढविणे आदी उपाय स्वतंत्रपणे सांगितले आहेत, म्हणजे निवळलेले पाणी आणि निर्दोष पाणी यांतील भेद आचार्यांनी ओळखला होता. रुग्णास पथ्य लिहून देताना उकळलेल्या पाण्याबरोबर एक प्रश्न विचारण्याचा प्रघात मी चिकित्सालयात ठेवला आहे : घरातील मोरीचे पाणी कोठे जाते आणि तेथून विहीर किती पावलांवर आहे? उत्तर रुग्णपत्रिकेवर नोंदवून ठेवतो. एकाच विहिरीची पाच-सहा नावे जमली की ती यादी ग्रामसेवकाकडे नेता येते.