तरंगमबाडीची मंडळी

परसात कढीपत्त्याचे झाड नाही असे शेतकऱ्याचे घर क्वचितच सापडेल. या झाडाचे शास्त्रीय नाव ‘मुराया कोएनिगी’ असे आहे. यातले ‘कोएनिगी’ हे एका माणसाचे नाव. योहान गेर्हार्ड कोएनिग नावाचा हा डॉक्टर १७६८ साली तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी या लहानशा गावी तिथल्या ख्रिस्ती मिशनचा वैद्य म्हणून आला. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याचा तो शिष्य. आपल्या देशातली झाडे-झुडपे त्याने गोळा केली, तपासली आणि गुरूला कळवली. लिनियसने आपल्या फोडणीतल्या पानाला शिष्याचे नाव दिले, ते आजतागायत चालू आहे.

एवढ्याशा गावात मिशन कसे आले, त्याला डॉक्टर कोणी पाठवला आणि पुढे त्या मंडळीचे काय झाले, ही हकिगत वाचण्यासारखी आहे. तिचा एक धागा आपल्या मराठी माणसांशी आणि दुसरा थेट शेतकऱ्याशी जोडलेला आहे.

गाव आणि त्याचे धनी

तरंगमबाडी हे कावेरीच्या सुपीक भातखोऱ्याच्या टोकाला, समुद्राकाठी वसलेले गाव. आज ते मयिलाडुतुरै जिल्ह्यात येते. ‘तरंग’ शब्दाचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. लाटांचे हे गाव १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना वार्षिक खंडणीच्या बोलीवर दिले. डॅनिश लोकांनी तिथे किल्ला बांधला आणि मसाल्यांचा व कापडाचा व्यापार सुरू केला. पुढे १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले आणि डॅनिश कोठीची खंडणी मराठी गादीकडे जमा होऊ लागली. या हकिगतीतले ‘राजे’ म्हणजे आपले तंजावरचे भोसले.

वाळूत गिरवलेली अक्षरे

जर्मनीतील मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूने १५१७ साली रोमच्या पोपच्या सत्तेला आव्हान दिले. त्याच्या शिकवणीने चालणारे ख्रिस्ती ते ल्यूथरन. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक हाही त्याच पंथाचा. त्याने दोन तरुण जर्मन पाद्री तरंगमबाडीला पाठवले : बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुट्शाव. ९ जुलै १७०६ रोजी त्यांचे जहाज किनाऱ्याला लागले. त्सिगेनबाल्ग त्या वेळी २४ वर्षांचाही पुरता झालेला नव्हता.

गावातल्या डॅनिश अधिकाऱ्यांना हे पाहुणे नको होते. व्यापारात धर्माची लुडबूड कशाला, असा त्यांचा सवाल होता. पाद्र्यांना तर तिथल्या भाषेचे अक्षरही येत नव्हते. मग त्सिगेनबाल्गने एका तामिळ पंतोजीला बोलावले. पंतोजी आपल्या पोरांची शाळा घेऊन आले आणि हा गोरा पाद्री पोरांच्या रांगेत बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवू लागला. थोड्याच काळात तो तामिळमध्ये बोलू, लिहू आणि उपदेश करू लागला. विस्तारकार्यात आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्याला या गोष्टीचे मोल चटकन कळते. ज्याला लोकांना काही सांगायचे आहे त्याने आधी त्यांच्या पोरांसोबत मांडी घालून बसावे, यापेक्षा मोठा धडा आमच्या खात्यात कोणी शिकवलेला नाही.

मे १७०७ मध्ये मंडळीत पहिले पाच जण आले. ते कोण होते? गावातल्या युरोपियन लोकांच्या घरी राबणारे गुलाम. त्याच वर्षी १४ ऑगस्टला ‘जेरुसलेम’ नावाचे छोटे चर्च उभे राहिले. डॅनिश लोकांचे स्वतःचे झायन चर्च १७०१ पासून होतेच. गोऱ्यांचे एक आणि तामिळ लोकांचे एक अशी दोन प्रार्थनास्थळे गावात झाली.

पुढच्याच वर्षी त्सिगेनबाल्गची गाठ तुरुंगाशी पडली. एका विधवेच्या देण्याघेण्याच्या प्रकरणात त्याने तिची बाजू घेतली. डॅनिश सुभेदार हासियस आधीच खार खाऊन होता. त्याने पाद्र्याला पकडून चार महिने किल्ल्यात कोंडले. त्याच्याच देशाच्या राजाने पाठवलेला माणूस त्याने कैदेत टाकला, तोही गरिबाची बाजू घेतली म्हणून! सुटून आल्यावर त्सिगेनबाल्गने आपले काम जिथे सोडले होते तिथून पुढे चालू केले.

छापखाना, शाळा आणि कागद

मंडळीचे काम वाढले ते शाळा आणि पुस्तके यांच्या बळावर. मुलांबरोबर मुलींसाठीही शाळा निघाल्या. अठराव्या शतकाच्या आरंभी मुलीने पाटीला हात लावणे म्हणजे नवल होते. इंग्लंडच्या एका धर्मसंस्थेने छापखाना पाठवला. जर्मनीतील हाल्ले गावाहून तामिळ अक्षरांचे खिळे आले, पण ते एवढे मोठे की कागद पुरेना. म्हणून इथेच लहान खिळे ओतवले. १७१५ साली बायबलचा नवा करार तामिळ भाषेत छापून पुरा झाला. कागदासाठी जवळच्या पोरैयार गावी कागदाची गिरणीही घातली.

त्सिगेनबाल्गने आणखी एक काम केले. त्याने तामिळ लोकांच्या देवदेवतांची आणि चालीरीतींची माहिती त्यांच्याच तोंडून आणि ताडपत्रांवरून गोळा करून मोठा ग्रंथ लिहिला. युरोपातल्या त्याच्या वरिष्ठांना ते पसंत पडले नाही. ग्रंथ तसाच पडून राहिला आणि १८६७ साली मद्रासला छापला गेला.

मंडळीला जुने चर्च अपुरे पडू लागले तेव्हा ‘नवे जेरुसलेम’ बांधले. ११ ऑक्टोबर १७१८ रोजी ते उपासनेसाठी खुले झाले. त्याच्या दर्शनी भिंतीवर डेन्मार्कच्या राजाचा मुकुट आणि नाममुद्रा आजही दिसते. त्यानंतर चारच महिन्यांनी, २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, ३६ वर्षांचा त्सिगेनबाल्ग वारला. त्याला त्याच चर्चमध्ये वेदीजवळ पुरले.

मंडळीतली दरी

आता या हकिगतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. देवासमोर सारे सारखे, ही मंडळीची शिकवण. पण माणसे आत आली ती आपली जात बरोबर घेऊन. उपासनेला वेगवेगळ्या जातींची माणसे वेगवेगळी बसत.

२८ डिसेंबर १७३३ रोजी आरोन या तामिळ माणसाला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. प्रोटेस्टंट पंथात ती मिळालेला तो पहिला भारतीय. तो वेल्लाळ या शेती करणाऱ्या वरच्या जातीचा होता. त्याच काळात राजानायकन् नावाचा दुसरा एक कार्यकर्ता तंजावरच्या मुलखात काम करीत होता. तो तंजावरच्या मराठी राजाच्या फौजेत शिपाई होता. नवा करार हाती पडला, वाचला आणि तो या मंडळीत आला. त्याच्या शब्दाने कितीतरी कुटुंबे मंडळीत आली. पण तो जन्माने परैयर, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीचा. त्याला पाद्री करावे असा विचार निघाला तेव्हा प्रश्न आला की त्याच्या हातून वरच्या जातीचे लोक प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेतील का? उत्तर सर्वांना ठाऊक होते. १७४१ साली दुसऱ्या भारतीय पाद्र्याची नेमणूक झाली ती दियोगो नावाच्या दुसऱ्या माणसाची. राजानायकन् शेवटपर्यंत उपदेशकच राहिला.

आपल्या गावात पाणवठ्यावरून, पंगतीवरून काय काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. धर्म बदलला म्हणून माणसाचे मन त्याच दिवशी बदलत नाही.

शेतकऱ्यांनी ज्याच्या शब्दावर बैल जुंपले

या मंडळीतला सर्वांत नावाजलेला माणूस म्हणजे ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ. हा जर्मन ल्यूथरन पाद्री १७५० साली तरंगमबाडीला उतरला, तिथे बारा वर्षे राबला, मग त्रिचनापल्ली आणि १७७८ नंतर तंजावर हे त्याचे घर झाले. त्याचा साधेपणा पाहून हैदरअलीनेही आपल्या फौजेला त्याच्या वाटेला जाऊ नका अशी ताकीद दिली होती.

१७८१ च्या सुमारास हैदरच्या स्वाऱ्यांनी तंजावरचा मुलूख उजाड केला. किल्ल्यात लोक आणि शिपाई उपाशी मरू लागले. धान्य खेड्यांत होते, पण ते आणायला बैल नव्हते. बैल होते ते शेतकऱ्यांकडे, आणि शेतकरी येईनात. का यावे? मागे आले तेव्हा कारकुनांनी त्यांचे पैसे बुडवले होते. तुळजाराजांनी आणि इंग्रजांनी दोघांनीही बोलावून पाहिले. शेवटी राजांनीच कबूल केले की आपली आणि तुमची पत गेली आहे, श्वार्ट्झवर लोक विश्वास ठेवतात का ते पाहू.

श्वार्ट्झने गावोगाव निरोप धाडले : पैसे मी माझ्या हाताने देईन. दोन दिवसांत हजारभर बैल आले. शेतकऱ्यांनी रात्री-बेरात्री, शत्रूच्या भीतीत वाहतूक केली आणि किल्ल्यात ८०,००० कलम धान्य पोचले. (कलम हे त्या भागातले धान्याचे माप.) किल्ला वाचला. मग श्वार्ट्झने प्रत्येकाचा हिशेब चुकता केला. त्यासाठी दुसऱ्यांच्या ठेवीतले पैसेही तात्पुरते वापरले. वर थोडी बक्षिशी देऊन लोकांना घरी धाडले.

पुढे काही वर्षांनी असाच प्रसंग आला. सारावसुलीच्या जुलमाने शेतकरी मुलूख सोडून पळाले, शेते पडीक राहिली आणि लावणीचा हंगाम निघून चालला. राजाच्या कौलावर कोणी परतेना. श्वार्ट्झने शब्द दिला तेव्हा एका दिवसात सात हजार माणसे परत आली आणि हंगाम साधायला रात्रंदिवस शेतात राबली.

शेतकरी वेडा नसतो. तो सही-शिक्का पाहत नाही, मागच्या वेळी पैसे मिळाले होते का ते पाहतो. ज्यांच्यापाशी खजिना होता त्यांची पत संपली होती, आणि ज्याच्यापाशी नुसता शब्द होता त्याच्यासाठी बैल जुंपले गेले. आज खरेदी केंद्र, सोसायटी, बाजार समिती किंवा आमचे खाते चालवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

राजाचा गुरू

१७८७ मध्ये मरणापूर्वी तुळजाराजांनी दत्तकपुत्र सरफोजीचे पालकत्व श्वार्ट्झला देऊ केले. त्याने राज्यकारभाराची जबाबदारी नाकारली, पण मुलाकडे लक्ष ठेवले. चुलते अमरसिंह गादीवर आले आणि पोराचे हाल होऊ लागले. श्वार्ट्झने दाद मागून १७९३ साली त्याला मद्रासला सुरक्षित ठिकाणी हलवले व त्याच्या शिक्षणाची सोय लावली. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला. त्याच वर्षी सरफोजीराजे गादीवर आले.

सरफोजीराजांनी धर्म बदलला नाही, आणि गुरूलाही ते विसरले नाहीत. लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांनी श्वार्ट्झचे संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. मरणशय्येवरच्या गुरूला भेटायला आलेला मराठी राजा त्यात कोरलेला आहे. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे हेच राजे. त्यांनी देवनागरी छापखाना काढला. त्यात १८०६ साली इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या.

नंतरची वाटचाल

१८४५ साली डॅनिश लोकांनी तरंगमबाडी इंग्रजांना विकून टाकली. मंडळीची काळजी जर्मनीच्या लाइपझिग मिशनने घेतली, पुढे स्वीडनचे मिशनरी जोडीला आले. पहिल्या महायुद्धात जर्मन पाद्र्यांना देश सोडावा लागला. तेव्हा १४ जानेवारी १९१९ रोजी ‘तामिळ इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च’ स्थापन झाले. १९५६ साली राजा मणिकम हे त्याचे पहिले भारतीय बिशप झाले. चर्चचे मुख्य ठाणे तिरुचिरापल्लीला आहे, पण बिशपची पदवी मात्र आजही ‘तरंगमबाडीचे बिशप’ हीच.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने या किनाऱ्यावर हाहाकार केला. कोळीवाड्यांतली माणसे आणि होड्या गेल्या. दीडच वर्षाने, २००६ मध्ये, त्याच गावात मंडळीने ३०० वर्षांचा सोहळा केला.

आपल्याकडून रामेश्वराच्या यात्रेला जाणारी पुष्कळ मंडळी वाटेत तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ पाहतात. तिथल्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आहे, तो जरूर वाचावा. त्याच आवारालगत शिवगंगेच्या बागेपाशी श्वार्ट्झच्या नावाचे चर्चही आहे. आणखी एक दिवस हाताशी असेल तर तरंगमबाडीला जावे. तिथे डॅनिश किल्ला आहे, समुद्राने अर्धे गिळलेले चौदाव्या शतकातले शिवाचे देऊळ आहे आणि एकाच रस्त्यावर ती दोन चर्चे आहेत. त्यातले नवे जेरुसलेम लहान आहे. दर रविवारी तिथे आजही तामिळमध्ये उपासना होते.