माहितीफलकामागील फाइल

'ध'चा 'मा' करणें हा वाक्प्रचार न ऐकलेला मराठी माणूस विरळा. १७७३ सालीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यापूर्वीं हुकमांतील 'धरावें' या शब्दाचें 'मारावें' करण्यांत आलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेच्या खरेखोटेपणाचा वाद इतिहासकारांकडे सोंपविला तरी तिच्यांतील मर्म खरें आहे. हुकूम अमलांत आणणारा तो जसा लिहिला असेल तसा अमलांत आणतो. लिहिणाराच्या मनांत काय होतें, हें तो विचारीत नाहीं. संगणक हा असाच हुकमाचा ताबेदार आहे, आणि त्याला दिल्या जाणाऱ्या लेखी हुकमांचा एक प्रकार म्हणजे कॉन्फिगरेशन फाइल.

जिल्हाधिकाऱ्यांचें कार्यालय, जिल्हा परिषद, मोठें रुग्णालय अशा ठिकाणीं आतां संगणकाच्या पडद्यावर माहितीफलक दिसतो. त्यास डॅशबोर्ड म्हणतात. किती बालकांचें वजन घेतलें, किती शाळांत वीज आहे, कोणत्या तालुक्यांत भूजल किती खोल गेलें, हें त्यावर आलेख, रंग व आंकडे यांच्या रूपानें एका दृष्टिक्षेपांत कळतें. आंकडे एका कोठारांतून येतात, ते मांडणारा प्रोग्रॅम निराळा असतो, आणि या दोहोंच्या मध्यें ही फाइल बसलेली असते. कोणता आंकडा कोठून घ्यावा, त्यास कोणतें नांव द्यावें, कोणत्या मर्यादेपुढें तांबडा रंग दाखवावा, एकूण गुणांत त्याचें वजन किती धरावें, हें सर्व तिच्यांत साध्या अक्षरांत लिहिलेलें असतें. प्रोग्रॅम बदलावयाचा तर जाणकार लागतो आणि चांचणीही होते. फाइल मात्र साध्या मजकुराची असल्यामुळें कोणीही ती उघडतो, एक ओळ बदलतो व बंद करतो. धोका नेमका या सोपेपणांत आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या उदाहरणावरून हा धोका चांगला उमजतो. २०१८ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें आकांक्षित जिल्हे कार्यक्रम सुरू केला. देशांतील ११२ जिल्हे त्यांत आले. महाराष्ट्रांतून नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि त्या वेळचें उस्मानाबाद असे चार. नीति आयोगाच्या 'चॅम्पियन्स ऑफ चेंज' या फलकावर या जिल्ह्यांची प्रगति ४९ निर्देशकांवरून मोजून त्यांचा क्रम लावण्यांत येऊं लागला. आरोग्य व पोषण यांस शेंकडा ३०, शिक्षणास ३०, शेती व जलसंपत्ति यांस २०, आर्थिक समावेशन व कौशल्यविकास यांस १० आणि पायाभूत सोयींस १० असें वजन ठरलें. या पांच आंकड्यांची बेरीज शंभर होते. आतां अशा धर्तीवर जिल्ह्यापुरता फलक करणाऱ्या कोणाच्या हातून शेवटच्या दहांतील शून्य टंकतांना गळलें, अशी कल्पना करावी. बेरीज ९१ होईल. तरीही फाइल विनातक्रार उघडेल, फलकही झळकेल, आणि पायाभूत सोयींचें मोल मात्र एक दशांशावर येऊन बसेल.

पुढें २०२३ सालीं जिल्ह्याचें नांवच बदललें. फेब्रुवारींत केंद्राच्या संमतीनंतर शहराचें, आणि सप्टेंबरांतील राज्य शासनाच्या अधिसूचनेनें जिल्ह्याचेंही नांव धाराशिव झालें. २०२४ च्या मे महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें हा बदल कायम ठेवला. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून पडलेलें नांव गेलें व पूर्वींचें नांव परत आलें. नामांतराची बाजू कोणतीही घेतली तरी कारकुनी प्रश्न सर्वांपुढें एकच उभा राहतो: इतके तक्ते, नकाशे व फाइली यांतील नांव बदलावयाचें कसें? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे 'शोधा आणि बदला' ही संगणकाची आज्ञा. 'उस्मानाबाद' दिसेल तेथें 'धाराशिव' घाला, असें एकदां सांगितलें कीं काम क्षणांत आटोपतें.

पण आटोपलेलें काम बरोबर झालेलें असतेंच असें नाहीं. पशुसंवर्धनाच्या तक्त्यांत 'उस्मानाबादी' ही शेळीची प्रसिद्ध जात आहे. या आज्ञेनें तिची 'धाराशिवी' होते, आणि त्या नांवानें ती कोणत्याही जुन्या नोंदींत सांपडत नाहीं. लोकसभेच्या मतदारसंघाचें नांव २०२४ च्या निवडणुकींतही उस्मानाबादच होतें. त्या मतदारसंघांत सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी व लातूर जिल्ह्यांतील औसा हेही भाग येतात. म्हणून जिल्हा आणि मतदारसंघ एकाच नांवाखालीं ओढले तर दोन भिन्न प्रदेशांची सरमिसळ होते. २०११ च्या जनगणनेच्या मूळ तक्त्यांत जिल्हा उस्मानाबाद याच नांवानें, ५२५ या क्रमांकाखालीं आहे. नवें नांव घेऊन तेथें शोधणाऱ्या फाइलीस कांहींच मिळणार नाहीं. १९८१ च्या जनगणनेंतील उस्मानाबाद तर याहूनही निराळें, कारण लातूर जिल्हा १९८२ सालीं त्यांतूनच वेगळा झाला. जुने व नवे आंकडे एकाच रेषेवर मांडले तर जिल्ह्याची लोकसंख्या एकाएकीं कोसळली, असा भास होईल.

यांतील सर्वांत घातक गोष्ट अशी कीं, न सांपडलेल्या आंकड्याबद्दल फलक बहुधा ओरड करीत नाहीं. नांव जुळलें नाहीं तर जागा रिकामी राहते, आणि रिकाम्या जागीं शून्य धरावें, अशी सोय पुष्कळ फाइलींत केलेली असते. समजा, कमी वजनाच्या बालकांचा तालुकावार तक्ता आहे आणि एका तालुक्याचें नांव कोठारांत 'परंडा' व फाइलींत 'परांडा' असें लिहिलें आहे. दोहोंचा मेळ बसत नाहीं आणि परंड्यापुढें शून्य येतें. हा निर्देशक जितका कमी तितका चांगला. म्हणून शून्यास हिरवा रंग मिळतो व तालुका यादींत पहिला बसतो. पोषण आहार, वैद्यकीय पथक, अधिकाऱ्यांची भेट हें सर्व तांबड्या रंगाच्या तालुक्यांकडे जातें. चूक एका कान्याची. तिची किंमत मात्र ज्या बालकाचें वजन खरोखरच कमी आहे, त्यानें भरावयाची.

म्हणून पहिला नियम असा कीं, ओळख आणि नांव हीं निरनिराळीं ठेवावीं. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेंत प्रत्येक जिल्हा, तालुका व गांव यांस स्वतंत्र क्रमांक आहे. आंकडे जोडण्याचें काम या क्रमांकाकडे द्यावें व नांव केवळ पडद्यावर दाखविण्यापुरतें ठेवावें. मग नामांतर झालें तरी एका जागीं एक शब्द बदलतो आणि बाकीची जोडणी जशीच्या तशी राहते. नुसत्या नांवावर विसंबणें एरवींही बरें नव्हे. धाराशिव हें शहर, तालुका आणि जिल्हा या तिन्हींचें नांव आहे. कळंब तालुका धाराशिव जिल्ह्यांत आहे, तसाच यवतमाळ जिल्ह्यांतही आहे. वाशी हा येथील तालुका, वाशी हा नव्या मुंबईचाही भाग, आणि वाशीम हा स्वतंत्र जिल्हाच. माणूस हें संदर्भावरून ओळखतो. यंत्रास संदर्भ नसतो.

दुसरा नियम पडताळणीचा. तिच्या तीन पायऱ्या आहेत: लेखनाची, सांच्याची आणि अर्थाची. लेखनाचे नियम फाइलीच्या प्रकारावर अवलंबून असतात. अशा फाइली बहुधा जेसन किंवा यॅमल या दोन पद्धतींनीं लिहितात. जेसनमध्यें यादींतील शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम चालत नाहीं, आणि अवतरणचिन्हें सरळ व दुहेरीच लागतात. पत्रें लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्यें मजकूर टंकला कीं तो हीं चिन्हें आपण होऊन वांकडीं करतो व फाइल निकामी होते. म्हणून साध्या मजकुरासाठींच असलेला प्रोग्रॅम वापरावा. यॅमलमध्यें कोणती नोंद कोणाच्या पोटांत आहे हें ओळीच्या आरंभीं सोडलेल्या जागेवरून ठरतें, आणि ती जागा टॅबच्या कळीनें सोडलेली चालत नाहीं. यॅमलच्या जुन्या नियमांप्रमाणें अवतरणांत न घातलेला इंग्रजी 'नो' हा शब्द 'असत्य' असा वाचला जातो. नॉर्वे देशाचें दोन अक्षरी संक्षिप्त नांव नेमकें हेंच असल्यामुळें देशांच्या यादींत नॉर्वेच्या जागीं 'असत्य' उमटतें, आणि या दोषास नॉर्वेचेंच नांव पडलें आहे.

मराठी मजकुरास आणखी दोन अडचणी आहेत. देवनागरी आंकडे छापण्यास शोभतात. पण जेसनमध्यें मूल्याच्या जागीं '३०' असें देवनागरींत लिहिलें तर ती संख्या धरली जात नाहीं, तेथें इंग्रजी आंकडेच हवेत. आणि 'शेतकऱ्यांची' या शब्दांतील 'ऱ्य' हें जोडाक्षर संगणकांत दोन तऱ्हांनीं सांठवितां येतें. डोळ्यांस दोन्ही रूपें सारखीं दिसतात. यंत्रास ते दोन वेगळे शब्द असतात. म्हणून मथळ्यांत मराठी खुशाल वापरावी, आंकड्यांची जोडणी मात्र तिच्यावर टांगूं नये.

लेखनाची तपासणी यंत्राकडूनच करून घ्यावी. तें कंटाळत नाहीं. पण त्याच्या होकारावर थांबूं नये. एकच नांव फाइलींत दोनदां आलें तर पुष्कळ प्रोग्रॅम पहिलें मूल्य मुकाट्यानें टाकून शेवटचें घेतात. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक रकान्यांत काय असावें याचा सांचा आधीं लिहून ठेवावयाचा असतो: वजन ० ते १०० यांमधील संख्याच असावी, क्रमांक अधिकृत यादींतलाच असावा, निर्देशक 'जास्त तितका चांगला' कीं 'कमी तितका चांगला' हें लिहिल्यावांचून फाइल स्वीकारूं नये. तिसरी पायरी अर्थाची. तेथें फाइलीबाहेरील, पक्क्या ठाऊक असलेल्या गोष्टींशीं ताळा पाहावयाचा. वजनांची बेरीज १०० येते काय? धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी हे आठही तालुके हजर आहेत काय? २०११ च्या आठ तालुक्यांची बेरीज जिल्ह्याच्या १६,५७,५७६ या लोकसंख्येशीं जुळते काय? न आलेला आंकडा शून्याऐवजीं 'माहिती नाहीं' असा करड्या रंगांत दिसतो काय?

तपासणी करणारें यंत्रही चुकूं शकतें, याचा अनुभव साऱ्या जगानें १९ जुलै २०२४ रोजीं घेतला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या सुरक्षा-प्रोग्रॅमसाठीं कॉन्फिगरेशनची एक लहानशी फाइल ग्राहकांच्या संगणकांवर पाठविली. फाइलींत २१ रकाने गृहीत धरले होते; वाचणाऱ्या प्रोग्रॅमला २० च पुरविले जात होते. पाठविण्यापूर्वींच्या तपासणी-यंत्रांतच दोष असल्यामुळें ती उत्तीर्ण ठरली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले. भारतांतील विमानतळांवर कांहीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीनें दीड तासाच्या आंत फाइल मागें घेतली, पण बंद पडलेल्या संगणकांस त्याचा उपयोग नव्हता. ती प्रथम थोड्या संगणकांवर पाठविली असती तर नुकसानही थोडक्यांत आवरलें असतें.

प्रत्यक्ष दुरुस्तीचा क्रम यावरून सहज ठरतो. चालू फाइलीस हात लावण्यापूर्वीं तिची प्रत काढावी. त्याहून बरें म्हणजे गिटसारख्या प्रोग्रॅममध्यें तिचा इतिहास ठेवावा. म्हणजे कोणीं, केव्हां, कोणत्या कारणानें कोणती ओळ बदलली, याची वही तयार होत जाते. एका वेळीं एकच बदल करावा. नामांतर, नवा निर्देशक आणि रंगांच्या मर्यादा एकाच बैठकींत उरकल्या तर बिघाड कशामुळें झाला हें शोधणें कठीण जातें. नंतर जुनी व नवी फाइल शेजारीं ठेवून फरकाच्या ओळी मोजाव्या. एक शब्द बदलावयाचा होता आणि फरक चाळीस ओळींचा दिसला, तर तेथेंच थांबावें. मग नवी फाइल चांचणीच्या फलकावर लावून चालू फलकाशीं ताडून पाहावी. बदल करणाराखेरीज दुसऱ्या एकानें, शक्यतों त्या विषयाच्या जाणकारानें, ती वाचून संमति द्यावी. परवलीचे शब्द अशा फाइलींत लिहूं नयेत, कारण तिच्या प्रति हातोहात फिरतात. आणि जुनी प्रत परत लावण्याची रीत आधींच एकदां करून पाहावी. तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ येऊं नये.

फलकासमोर बसलेल्या अधिकाऱ्यास फाइल दिसत नाहीं. त्यास रंग व क्रम दिसतो, आणि त्यावरून पैसा, माणसें व वाहनें कोठें धाडावीं हें तो ठरवितो. अंगणवाडी-सेविकेनें बालकाचें वजन काळजीपूर्वक घेऊन नोंदविलें, तरी मधल्या फाइलींत तिच्या तालुक्याची जोडणी तुटली असेल तर तिची नोंद त्याच्यापर्यंत पोंचतच नाहीं. म्हणून फलकावर एखाद्या तालुक्यापुढें अतिशय समाधानकारक शून्य दिसलें, तर आनंद मानण्यापूर्वीं तेथून आंकडा आला होता काय, एवढें एकदां विचारावें.