चित्र जुने, आवाज नवा

जुन्या गाजलेल्या चित्रपटाची नवी डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे तबकडी विकत घेणारा रसिक वेष्टणावरील दोन गोष्टी आवर्जून वाचतो. चित्र स्वच्छ केले आहे काय, आणि ध्वनी किती मार्गांचा आहे. घरात पाच-सहा ध्वनिवर्धक मांडून बसलेल्या माणसाला 'आता हा चित्रपट चहूबाजूंनी ऐका' या आश्वासनाची भुरळ पडावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु जो चित्रपट मुळात एकाच मार्गाच्या, म्हणजे 'मोनो', ध्वनीत तयार झाला, त्याला हे पाच-सहा मार्ग फुटले कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे.

चित्रपटाचे संवाद, संगीत आणि इतर आवाज स्वतंत्रपणे मुद्रित होतात आणि अखेरच्या मिश्रणात एकत्र येतात. कोणते पाऊल ऐकू यावे, कोणते येऊ नये, संगीताने कोठे माघार घ्यावी आणि कोठे नुसती शांतता बोलावी, याचा निर्णय या मिश्रणातच होतो. तो निर्णय तांत्रिक दिसला तरी वस्तुतः कलेचाच असतो. मिश्रण झाल्यावर त्यातील घटक पुन्हा विलग करणे म्हणजे दुधात विरघळलेली साखर वेगळी काढण्यासारखे आहे. संगणकाच्या साह्याने अलीकडे ते काही अंशी साधते, हे खरे. पण पूर्वी तेवढीही सोय नव्हती. सुटे मूळ मुद्रण हाती नसेल आणि बहुमार्गी ध्वनी तर हवाच असेल, तर एकच उपाय उरतो : पावले, दारे, बंदुकीचे बार हे सारे आज नव्याने मुद्रित करून जुन्या चित्राला जोडणे.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'च्या बाबतीत नेमके हेच घडले. १९५८ सालचा हा चित्रपट रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी मोठ्या परिश्रमाने १९९६ साली पुनरुज्जीवित केला. फिकट झालेले रंग त्यांनी परत आणले, बर्नार्ड हरमन यांच्या संगीताची मूळ मुद्रणे उपयोगात आणली. त्याबद्दल चित्रपटप्रेमी त्यांचे ऋणी आहेत. तथापि संगीताखेरीजचे आवाज नव्याने तयार करण्यात आले. आरंभीच्या छपरावरील पाठलागातील गोळीबार, रस्त्यावरील पावले १९५८ ची राहिली नाहीत. ज्या चित्रपटात नायक दीर्घकाळ एकही शब्द न उच्चारता एका स्त्रीच्या मागे फिरत राहतो, त्यात शांततेचे मोल किती असते, हे सांगावयास नको. अशा शांततेत एक ठळक पाऊल वाढले तरी प्रसंगाचा तोल ढळतो. हिचकॉक १९८० सालीच निवर्तले होते. त्यांची संमती विचारण्याची सोय उरली नव्हती. पुढील काही आवृत्त्यांत मूळ मोनो ध्वनी पुन्हा देण्यात आला, ही समाधानाची गोष्ट होय.

'जॉज'ची कथा याहून उद्बोधक आहे. १९७५ सालच्या या चित्रपटाला ध्वनीसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि ते मिळाले मोनो मिश्रणाला. पंचवीस वर्षांनी, २००० साली, त्याची डीव्हीडी निघाली तेव्हा तीत नवे बहुमार्गी मिश्रण होते. पारितोषिकाला पात्र ठरलेला ध्वनी मात्र तीत नव्हता. तो २००५ च्या आवृत्तीत परतला. मधल्या काळात ज्या विद्यार्थ्याने ती तबकडी लावून 'पारितोषिकप्राप्त ध्वनी' अभ्यासला असेल, त्याने अभ्यासले काय?

येथे एक आक्षेप संभवतो. मूळ ध्वनी म्हणून जो म्हणतात तो तरी नेहमी एकच असतो काय? आक्षेप खोटा नाही. 'स्टार वॉर्स' १९७७ साली प्रदर्शित झाला तेव्हाच त्याची सत्तर मिलिमीटरच्या प्रतींसाठी, स्टीरिओ प्रतींसाठी आणि मोनो प्रतींसाठी निरनिराळी मिश्रणे होती. परंतु एका ग्रंथाची लेखकाच्या हयातीतच तीन पाठांतरे निघाली, म्हणून चौथे पाठांतर प्रकाशकाने परस्पर रचावे आणि पहिली तीन बाजारातून काढून घ्यावी, असे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडेही याचा पडताळा आहे. के. आसिफ यांचा १९६० सालचा 'मुगल-ए-आझम' २००४ साली संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा प्रदर्शित झाला. त्या वेळी गायकांचे मूळ आवाज कायम ठेवून पार्श्वसंगीत नव्याने मुद्रित झाले आणि ध्वनी बहुमार्गी करण्यात आला. संगीतकार नौशाद तेव्हा हयात होते, ही जमेची बाजू. पण चर्चा रंगली ती प्रामुख्याने रंगांची. काळ्या-पांढऱ्या चित्राला रंग दिला तर तो लहान मुलाच्याही ध्यानी येतो. आवाज बदलला तर तो जाणत्यांच्याही कानांतून निसटतो. म्हणूनच ध्वनीच्या बाबतीत सांगण्याची जबाबदारी अधिक आहे.

नवे मिश्रण करूच नये, असा आग्रह येथे नाही. ज्याला चहूबाजूंनी ऐकावयाचे आहे त्याने खुशाल ऐकावे. मागणी दोनच गोष्टींची आहे. पहिली, मूळ ध्वनी नव्याबरोबर त्याच तबकडीवर असावा. डीव्हीडीच्या रचनेतच आठ ध्वनिपट्ट्यांची तरतूद आहे आणि मोनो पट्टीला जागा अगदीच थोडी लागते. तेव्हा अडचण जागेची नसून इच्छेची आहे. दुसरी, कोणते आवाज नव्याने घातले आहेत, हे वेष्टणावर स्पष्ट छापलेले असावे. औषधाच्या बाटलीवर घटक लिहिलेले असतात, ग्रंथाच्या आवृत्तीवर 'सुधारित' असे नमूद असते. चित्रपटाने तेवढाही प्रामाणिकपणा का पाळू नये?

२०१२ साली 'साइट अँड साउंड' मासिकाच्या समीक्षक-मतदानात 'व्हर्टिगो' सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरला. असा मान मिळवणाऱ्या कृतीची गणना आपण वारशात करतो. वारसा केवळ डोळ्यांनी पाहावयाचा नसतो, कानांनीही ऐकावयाचा असतो. पूर्वजांचे छायाचित्र जपून त्यांच्या तोंडी आपला आवाज घालावा, हे जतन नव्हे.