तीन हयातींचा पट्टा

आपल्याकडे एखाद्या घराण्याची वंशावळ हवी असली, तर वडील मंडळी नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायाकडे बोट दाखवितात. त्याच्या वह्यांत पणजोबांचें नांव सांपडतें. आयर्लंडांतल्या शेतकऱ्याला असा उपाध्याय नव्हता. अमेरिकेंत किंवा ऑस्ट्रेलियांत गेलेले त्याचे वंशज आज पूर्वजांचा शोध करूं लागले, म्हणजे त्यांना पुष्कळदां एका निराळ्याच कागदाकडे वळावें लागतें. तो कागद म्हणजे जमिनीचा जुना पट्टा. तो कां शोधावा लागतो व कसा वाचावा, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

याचें पहिलें कारण एक आग आहे. १९२२ सालीं, यादवी युद्धाच्या आरंभीं, डब्लिन येथील फोर कोर्ट्‌स या न्यायालयाच्या इमारतीभोंवतीं लढाई झाली, आणि ३० जून रोजीं स्फोट होऊन तेथील सरकारी दप्तरखाना जळाला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्यांचे बहुतेक कागद त्यांत गेले. पुढच्या चारांचे कागद सरकारनें स्वतःच आधीं नष्ट केले होते. म्हणून १९०१ च्या पूर्वींची सबंध देशाची खानेसुमारी आज मिळत नाहीं. सुदैवानें दस्तऐवजांची नोंदणी कचेरी निराळ्या जागीं होती, ती वांचली. १७०८ पासूनच्या दस्तऐवजांचे गोषवारे तिनें जतन केले.

आतां पट्ट्याचें स्वरूप पाहूं. अठराव्या शतकांत तिकडे ‘तीन हयातींचा’ पट्टा प्रचारांत होता. पट्ट्यांत तीन माणसांचीं नांवें लिहीत, आणि त्यांपैकीं शेवटचें माणूस जिवंत असेपर्यंत जमीन कुळाकडे राही. कित्येकदां ‘तीन हयाती किंवा ३१ वर्षें, यांत जी मुदत लांब ती’ असा करार होई. साहजिकच कूळ म्हाताऱ्या आजोबांचें नांव घालीत नसे. स्वतःचें, बायकोचें किंवा धडधाकट लेकराचें घाली. पुढें ओळख पटावी म्हणून नांवापुढें नातें व वयहि पुष्कळदां लिहीत. १७९० च्या पट्ट्यांत ‘मुलगा, वय ७’ असें असेल, तर त्याचा जन्म १७८३ च्या सुमाराचा, हें उघड झालें. लिहिणाराला वंशावळीशीं कांहीं कर्तव्य नव्हतें; त्याला खंडाची काळजी होती. पण त्या काळजीमुळेंच बाप, आई व लेकरूं एका ओळींत येऊन बसलीं. तें लेकरूं देवीनें गेलें, तर घरावर दुःख कोसळे तें वेगळेंच. जमिनीचा एक आधारहि तुटे. कांहीं पट्ट्यांत नजराणा भरून मृताच्या जागीं नवें नांव घालण्याची सोय असे. असे कागद दोन-तीन पिढ्या जोडून देतात.

वाचतांना कायदा ध्यानांत ठेवावा. १७०४ च्या कायद्यान्वयें कॅथॉलिकांना ३१ वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा घेतां येत नसे. ती बंदी १७७८ सालीं उठली. त्यापूर्वींचा हयातींचा पट्टा आढळला, तर कूळ बहुधा प्रॉटेस्टंट असावें. १७९३ सालीं कॅथॉलिकांस मताचा हक्क मिळाला. वर्षाला ४० शिलिंगांचा लाभ असलेला हयातीचा पट्टेदार मतदार ठरे. तेव्हां आपल्या हुकमतींतलीं मतें वाढविण्यासाठीं जमीनदारांनीं असे पट्टे सढळ हातानें दिले. १८२९ सालीं हा ४० शिलिंगांचा हक्क काढून घेण्यांत आला, आणि त्यांचा हातहि आखडला.

आम्ही मास्तर लोक ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ असें शिकवितों. येथेंहि तेंच करावें. १९०१ व १९११ च्या खानेसुमारींतून गांव ठरवावें. मग १८४७ ते १८६४ मध्यें झालेली ग्रिफिथची जमीन-आकारणी पाहावी. तींत वहिवाटदाराबरोबर त्याला जमीन देणाराचेंहि नांव आहे. हें दुसरें नांव फार महत्त्वाचें. कारण नोंदणी कचेरीच्या याद्या देणाराच्या व गांवाच्या नांवांनीं लावलेल्या आहेत, घेणाराच्या नाहींत. शिवाय लहान कुळांचे पट्टे बहुधा नोंदलेच जात नसत. ते मालकाच्या दप्तरांत राहत. अशीं अनेक दप्तरें डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत व बेलफास्टच्या सरकारी दप्तरखान्यांत आहेत. मात्र नांव जुळलें कीं माणूस जुळलें, असें मानूं नये. कांहीं पट्ट्यांत तर राजपुत्रांचीं नांवें घातलेलीं असत, कारण त्यांचा मृत्यु लपून राहत नसे!

शेवटीं एक गोष्ट. आयर्लंडांतलीं असंख्य कुळें मालकाच्या मर्जीवर राहत. त्यांच्याजवळ पट्टा नव्हताच. १८४५ पासूनच्या दुष्काळांत सुमारें १० लाख माणसें मेलीं व तितकींच देश सोडून गेलीं. त्यांत अशा लोकांचा भरणा मोठा होता. त्यांच्या वंशजांना शोध करून पट्टा सांपडला नाहीं, तर श्रम फुकट गेले असें त्यांनीं समजूं नये. पट्टा नसणें हाहि एक दाखलाच आहे. आपला पूर्वज ज्या जमिनींत राबला, तींत उद्यां आपण राहूं कीं नाहीं हें त्याला ठाऊक नव्हतें, एवढें तरी त्यावरून कळतें.