सुट्टीत सीईटीचा अभ्यास : मन लागत नसेल तर?

बारावीचे पेपर संपले की घरात सुट्टी सुरू होते. पाहुणे येतात, लग्नांचे दिवस असतात. पण एमएचटी-सीईटी एप्रिल-मेमध्येच असते. मुलांचे मन उडते ते इथेच. "मूड आला की बसू" म्हटले तर मूड येतच नाही. आधी बसावे लागते, मग मन लागते.

फजरनंतरचे दोन तास पक्के करा. जुन्या नाशिकच्या छोट्या घरांत दुपारी पत्रा तापतो. पहाटे थंडावा असतो, शांतताही असते. रोजचे काम थोडेच ठेवा : एक धडा, २० प्रश्न आणि चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही.

पीसीएम ग्रुपमध्ये २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, पीसीबीमध्ये जीवशास्त्राचे. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीवर, २० टक्के अकरावीवर. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. नीटमध्ये मात्र एक गुण जातो.

अम्मी-अब्बूंनाही एक विनंती. मुलगा अभ्यासाला बसला तर त्याला कुणी उठवत नाही. मुलीला मात्र पाहुण्यांच्या चहासाठी हाक जाते. पेपर दोघांचा सारखाच आहे. तिचे दोन तास तिचेच राहू द्या.