कुलूप आणि कोयंडा

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे पुष्कळ कुटुंबे गावी जावयास निघतात. निघण्याच्या गडबडीत घरधनी दाराला कुलूप लावतो, ते दोनदा ओढून पाहतो आणि निश्चिंत मनाने स्टेशनची वाट धरतो. परंतु ते कुलूप ज्याच्या आधाराने लटकते, त्या कोयंड्याकडे त्याने पाहिलेले नसते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका विधवा बाईंकडे चोरी झाली. त्या दोन दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तो कुलूप जसेच्या तसे बंद, पण कोयंड्यासह उंबऱ्यावर पडलेले! चौकट वाळवीने पोखरली होती आणि कोयंड्याचे स्क्रू बोटाच्या पेराएवढेही लांब नव्हते. शिवणकाम करून मुलीच्या शिक्षणाकरिता साठविलेले पैसे पेटीत होते, ते गेले. “मास्तर, कुलूप तर मी चांगलेच घेतले होते हो,” असे त्या पुनःपुन्हा म्हणत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

चांगल्या कुलपाची रचना मोठी मौजेची असते. लायनस येल या अमेरिकन कारागिराने १८६१ साली ज्या कुलपाचे पेटंट घेतले, त्याच्या पोटात एक पितळी नळकांडे असते. त्यात वरून लहान लहान खुंट्या उतरलेल्या असून प्रत्येक खुंटीचे दोन तुकडे केलेले असतात. वरची स्प्रिंग त्यांस खाली दाबून धरते, म्हणून नळकांडे फिरत नाही. योग्य किल्लीचे दाते प्रत्येक खुंटी नेमकी इतकीच उचलतात की दोन तुकड्यांमधील सांधा नळकांड्याच्या काठाशी येतो. मग ते सहज फिरते. एक दाता केसभर चुकला की सारे अडले. खुंट्यांची ही युक्ती प्राचीन मिसर देशाच्या लाकडी कुलपांतही होती.

असे असूनही न उघडणारे कुलूप कोणी केलेले नाही. लंडन येथे ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेले असे आणि ते किल्लीवाचून उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस लावलेले होते. अनेक वर्षे ते कोणास साधले नाही. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ते उघडून दाखविले. परंतु त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपावे लागले. आता, कोणता चोर आपल्या ओटीवर एक्कावन्न तास बसून राहील? त्याला घाई असते, आणि आवाजाचे भय असते. ‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलक चारुदत्ताच्या दाराच्या वाटेस न जाता भिंतच फोडून आत शिरतो, आणि आत आल्यावर जुने दार करकरू नये म्हणून पाणी शोधतो. म्हणजे जेथे थोडक्या वेळात व मुकाट्याने काम होईल, तीच वाट चोर धरतो. ती वाट त्याच्याआधी आपणच शोधावी.

प्रथम चौकटीत टाचणी टोचून पाहावी. ती सहज शिरली तर सुतारास बोलवावे. नवे कुलूप घेऊन काही उपयोग नाही. कोयंडा स्क्रूंवर न ठेवता आरपार बोल्टाने बसवून त्याची चाकी आतून आवळावी. आमच्या शेजारीणबाईंनी चौकट बदलून असेच केले आणि तेच कुलूप पुन्हा लावले. ते कोठे मोडले होते? बिजागऱ्या बाहेरच्या अंगास असतील तर त्यांच्या खिळा उपटून झडपच काढून घेता येते, म्हणून त्या खिळा ठोकून पक्क्या कराव्या. घरी माणसे असताना रात्री जुन्या वाड्यांतला अडसर आजही उत्तम. त्याचा भार दोन्ही बाजूंच्या भिंती घेतात.

पुढील दाराला तीन कड्या आणि मोरीच्या खिडकीला नुसता खिळा, असा प्रकार मी पुष्कळ घरी पाहिला आहे. खिडकीचे गज वरच्या व खालच्या लाकडात खोल गेलेले असावेत. सरकत्या काचेच्या खिडकीच्या खाचेत मापाची काठी आडवी टाकली म्हणजे ती बाहेरून सरकत नाही. तिला खर्च काहीच नाही.

एक गोष्ट मात्र पालकांनी विसरू नये. चोराला आत येऊ न देणारे गज आग लागल्यास आपल्यालाही बाहेर जाऊ देत नाहीत. एखाद्या खिडकीचे गज आतून उघडता येतील असे करून घ्यावे, आणि मुलांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावण्याची चाल तर अगदी सोडून द्यावी. आतून लावलेल्या कुलपाची किल्ली कोठे असते हे घरातील सर्वांस, लहानांसही, अंधारात सापडेल इतके ठाऊक असावे. आमच्या घरी ती धाकट्याचा हात पोहोचेल अशा खुंटीवर असते. खिडकीतून हात घालून ती सापडत नाही, हे मी स्वतः बाहेर उभा राहून पाहिले आहे.